तंबाखूच्या रकान्यात ‘नाही’

दाताच्या डॉक्टरकडे तुम्ही आ वासून पडलेले असता, तेव्हा तुमच्या डाव्या कानाशी बसून तोंडातलं पाणी ओढून घेणारी जी बाई असते, तिचं नाव तुम्ही कधी विचारलंय का?

नाही ना? वाटलंच मला. डॉक्टरचं नाव, डिग्री, गाडी कोणती, सगळं तुम्हाला ठाऊक असतं. ती बाई मात्र ‘ती’. ऑकलंडजवळच्या पापाकुराच्या एका छोट्या दवाखान्यात सात वर्षं झाली, मी ‘ती’ आहे. माझं नाव कल्याणी. विचारलं नाहीत तरी सांगून ठेवते.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकीणबाई म्हणाल्या, ‘‘डेंटिस्ट्रीला प्रवेश कसा मिळवलास ते लिही. मुलांना उपयोग होईल. पण पॉझिटिव्ह लिही हं!’’ लिहिते. फक्त अडचण अशी की आमच्या घरात पॉझिटिव्ह लिहायची पद्धत नाही. बाबा इचलकरंजीला यंत्रमाग कामगारांची पत्रकं लिहायचे. मी अक्षरं गिरवली ती त्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर, आणि वाचायला शिकले ती छापील बाजूवरून. ‘जाहीर निषेध’ हे मी आयुष्यात वाचलेले पहिले दोन शब्द. मी अकरा वर्षांची असताना आम्ही न्यूझीलंडला आलो. बाबा आता शीतगृहांची यंत्रं दुरुस्त करतात, पण वाढदिवसाच्या कार्डावरसुद्धा शुभेच्छा क्रमांक घालून लिहितात.

तर आधी कामाबद्दल. दात दुरुस्त करणं हे चार हातांचं काम आहे. दोन डॉक्टरचे, दोन असिस्टंटचे. डॉक्टरनं मान न वळवता हात पुढे केला की त्या हातात हवं तेच हत्यार पडलं पाहिजे. सिमेंट कालवायचं ते दातात भरेपर्यंत घट्ट होता कामा नये. जीभ फार चौकस असते, ड्रिल दिसलं की बघायला येते. तिला बाजूला धरायचं. आणि हे सगळं करताना पेशंटच्या पायाकडे लक्ष ठेवायचं. हो, पायाकडे. तोंडात दोन हात आणि तीन नळ्या असताना माणूस ‘दुखतंय’ म्हणू शकत नाही. पण पायाची बोटं खोटं बोलत नाहीत. या देशात लोक कुठेही जँडल्स, म्हणजे अंगठ्याच्या रबरी चपला, घालून जातात हे आमच्या धंद्याला फारच सोयीचं आहे. एक अगडबंब ट्रक ड्रायव्हर होता, विचारलं की अंगठा वर करून ‘सगळं ठीक’ अशी खूण करायचा. पायाची बोटं मात्र मुठीसारखी आवळलेली. मी डोळ्यांनी इशारा करायचे आणि डॉक्टर आणखी थोडी भूल द्यायची. शेवटपर्यंत त्याला कळलं नाही की त्याचं गुपित कोण फोडतं.

डॉक्टर म्हणजे हेलन. साठीची, साउथ आयलंडकडची, बोलायला तुटक. कौतुक करायचं झालं तर ‘स्वीट अ‍ॅज’ म्हणते आणि रागावायचं झालं तर काहीच म्हणत नाही. तिला डॉक्टर म्हटलेलं आवडत नाही, त्यामुळे आमच्या मराठी काकालोकांची पंचाईत होते. हेलनच्या समोर मला हळूच विचारतात, ‘‘अगं, ही मुख्य डॉक्टर आहे का? मुख्य कधी येणार?’’

मराठी पेशंट बरेच. त्यातही मुलांकडे सहा-सहा महिने राहायला आलेले आईवडील. हे लोक येतात तेव्हा सोबत दुभाषा असतो, म्हणजे मुलगा किंवा नातवंड, आणि दुखण्यापेक्षा दुभाष्याचाच जास्त धोका असतो. एका आजोबांबरोबर नऊ वर्षांची नात आली होती. मराठी समजणारी पण इंग्रजीतच उत्तर देणारी, इथल्या बहुतेक मुलांसारखी. आजोबा म्हणाले, ‘‘सांग त्यांना, दात आंबलेत माझे.’’ नातीनं क्षणभर विचार केला आणि गंभीरपणे हेलनला सांगितलं, ‘‘ही सेज हिज टीथ आर मँगो.’’

हेलननं माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की आंबट किंवा गार लागलं की दातांत कळ जाते, त्याला आम्ही आंबणं म्हणतो. त्या दिवसापासून आमच्या दवाखान्यात अशा दातांना ‘मँगो टीथ’ हेच नाव पडलं. हेलन तर मराठी नसलेल्या लोकांनाही विचारायला लागली, ‘‘मँगो आहे का थोडंसं?’’

आता पॉलिटेक्निक. शाळा संपली तेव्हा माझे मार्क बेताचे होते. बरोबरीची मराठी मुलं युनिव्हर्सिटीत गेली आणि मी एका वर्षाच्या असिस्टंटच्या कोर्सला गेले. इथलं पॉलिटेक्निक म्हणजे सुतारकाम, केस कापणं, बेकरी, आजाऱ्यांची देखभाल, सगळं शिकवणारी जागा. देश ज्यांच्यावर चालतो ती माणसं तिथे तयार होतात. पण आपल्या समारंभांत हा शब्द घरातल्या कुणाला पोलिसांनी पकडून नेल्यासारखा खालच्या आवाजात उच्चारला जातो. ‘‘कल्याणी काय करते?’’ असं कुणी विचारलं की माझी आई ठणकावून सांगायची, ‘‘पॉलिटेक्निकला आहे!’’ मग समोरची बाई घाईघाईनं बटाटेवड्याची चौकशी करायची.

काम करता करता मला दातांचं वेड लागलं. हेलनच्या हातात मी जे देते ते तिनं नेमकं कुठे आणि का वापरलं, हे समजून घ्यावंसं वाटायला लागलं. म्हणून नोकरी सांभाळून मी पामर्स्टन नॉर्थच्या विद्यापीठाची ऑनलाइन पदवी केली. प्रयोगशाळेच्या आठवड्यांना तिकडे जाऊन, उसन्या सायकलवरून, समोरच्या वाऱ्याला शिव्या देत. देशात दाताचे डॉक्टर घडवणारं कॉलेज एकच, पार खाली डनेडिनला. पदवी झालेल्यांसाठी तिथे थोड्या जागा असतात. तिथे मी अर्ज करायचं ठरवलं.

आपल्याकडे सगळ्यांचे अर्ज सतीशकाका तपासतात. सतीशकाका म्हणजे मंडळाचे माजी अध्यक्ष, निवृत्त इंजिनियर, मनाने अत्यंत चांगले, आणि हातात लाल पेन. त्यांनी माझा अर्ज वाचला आणि पॉलिटेक्निकवर आडवी रेघ मारली.

‘‘हे कशाला? पदवी आहे ना आता? ती लिही फक्त.’’

‘‘पण काका, मी शिकलेय ना तिथे.’’

‘‘शिकलीस गं, पण ओरडून कशाला सांगायचं? आणि हे ‘डेंटल असिस्टंट’ काढ. ‘क्लिनिकल एक्स्पीरियन्स’ लिही. भारदस्त वाटतं.’’

बाबांना हे कळलं असतं तर त्यांनी काकांच्या दारात धरणं धरलं असतं. मी त्यांना सांगितलं नाही. मला प्रवेश हवा होता आणि मी घाबरले होते. अर्ज गुळगुळीत होऊन गेला आणि दोन ओळींच्या नकारासह परत आला. मुलाखतीलासुद्धा बोलावलं नाही. वर्षातून एकदाच अर्ज करता येतो, आणि हेलननं साफ सांगितलं, ‘‘आणखी एकदा कर. पण तिसऱ्यांदा करायला मी तुला शिफारस देणार नाही. तू इथेच कडवट होऊन बसशील.’’ म्हणजे उरला एकच अर्ज.

त्याच सुमारास शालनआजी दुसऱ्यांदा आल्या.

पहिल्यांदा आल्या होत्या त्याच्या आठ महिने आधी. साताऱ्याकडच्या. मुलगा प्रशांत ऑकलंडला सॉफ्टवेअरमध्ये, आजी आता त्याच्याकडेच राहायला. आजींनी चपला दवाखान्याच्या दाराबाहेर काढल्या, हेलनला नमस्कार केला आणि खुर्चीवर मांडी घातली. खालची कवळी टोचत होती. मी फॉर्म वाचत होते, प्रशांतदादा विचारत होता, आजी उत्तरं देत होत्या. बीपी आहे. साखर नाही. मग आला तंबाखूचा प्रश्न.

‘‘आई, तंबाखू नाही ना खात तू?’’

‘‘शी! काय विचारतोस रं? तंबाखू खायला मी काय गडी हाय?’’

आम्ही तिघंही हसलो. मी ‘नाही’वर खूण केली आणि खाली माझी आद्याक्षरं टाकली. आजींच्या मांडीवर पर्स उघडी होती. रुमालाशेजारी एक छोटी गोल डबी होती. ती मला दिसली. कसली डबी आहे, तेही मला कळलं. इचलकरंजीत आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांच्या कमरेला असायची. मशेरीची.

मशेरी म्हणजे काय ते इथे वाढलेल्यांसाठी सांगते. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली, कुटून पूड केलेली तंबाखू. बायका ती बोटानं दातांना-हिरड्यांना लावतात. सकाळी, मग जेवल्यावर, मग कंटाळा आला की. पण तिला कुणी ‘खाणं’ म्हणत नाही. मशेरी ‘लावतात’. त्यामुळे माझ्या डोक्यात ती ब्रशच्या कप्प्यात होती, पेस्टच्या शेजारी. मी डबी पाहिली, ओळखली आणि तंबाखूच्या रकान्यात ‘नाही’ लिहिलं. दोन्ही गोष्टी एका मिनिटात, आणि त्यांची एकमेकींशी ओळखसुद्धा झाली नाही.

हेलनला खालच्या ओठाच्या आत एक फिकट डाग दिसला होता. तिनं फॉर्म पाहिला, कवळीची कड तिथेच घासत होती, तिनं कड गुळगुळीत केली. ‘कवळी घासते’ अशी नोंद झाली. आजी खुश होऊन गेल्या. पुन्हा दाखवायला या म्हटलं होतं, पण कवळी टोचेना म्हटल्यावर कोण येतंय!

आठ महिन्यांनी आल्या तेव्हा तक्रार होती जेवणाची.

‘‘हल्ली सगळं तिखट लागतंय हिला,’’ प्रशांतदादानं मला मराठीत सांगितलं आणि हेलनला इंग्रजीत सांगितलं की जेवण फार स्पायसी होतंय.

हेलन म्हणाली, ‘‘मग मिरची कमी टाका,’’ आणि तो हसला. विनोद म्हणून चांगला होता. पण मी आजींच्या पायांकडे पाहिलं. अनवाणी बोटं आवळलेली होती, आणि अजून कुणी हातही लावला नव्हता.

‘‘आजी, तिखट म्हणजे काय होतं नक्की?’’

‘‘झोंबतं गं पोरी. दहीभातसुदिक झोंबतो. सुनेला वाटतं मी तिच्या सैपाकाला नावं ठेवते.’’

दहीभात झोंबतो. तंबाखूनं तोंडाची आतली कातडी बिघडली की असं होतं, हे मी शिकले होते, आणि मला ती डबी आठवली. असिस्टंटनं निदानाबद्दल तोंड उघडायचं नसतं. मी उघडलं.

‘‘आजी, मशेरी लावता?’’

‘‘लावते की! लावल्याबिगर पोट साफ हुतंय व्हय?’’

‘‘कुठे लावता?’’

आजींनी हौसेनं खालचा ओठ ओढून दाखवला. डाग आता फिकट नव्हता. पांढरा, सुरकुतलेला, धुतलेल्या कापडासारखा.

मी हेलनला सांगितलं, भाजलेली तंबाखू, दिवसातून चार वेळा, चाळीस-पन्नास वर्षं. प्रशांतदादा मध्येच म्हणाला, ‘‘अगं पण ती टूथ पावडर आहे! एअरपोर्टला कार्डावर मीच लिहिलं होतं, टूथ पावडर. त्या ऑफिसरनं डबी उघडून वाससुद्धा घेतला!’’ इथे उतरताना खाण्याची प्रत्येक वस्तू कार्डावर लिहावी लागते; लाडू, लोणचं, हळद, सगळं या माणसानं प्रामाणिकपणे जाहीर केलं होतं. आईच्या डबीत तंबाखू आहे हे त्याला खरोखरच माहीत नव्हतं, आणि मला माहीत असून नव्हतं.

हेलननं जुना फॉर्म काढला. तंबाखू, नाही, के. एस. ती काहीच म्हणाली नाही. हेलन काहीच म्हणत नाही म्हणजे काय, ते मी वर सांगितलंच आहे.

घाबरू नका, आजी बऱ्या आहेत. तज्ज्ञाकडे पाठवलं, तुकडा काढून तपासला, कर्करोग निघाला नाही. ‘‘आत्ता नाही,’’ तज्ज्ञ म्हणाले, ‘‘पण हे सोडलं नाही तर मी खात्री देणार नाही.’’ आजींनी डबी सोडली, अर्थात माझ्याशी दोन महिने भांडून. पहिल्या आठवड्यात म्हणाल्या, ‘‘तुझ्या डागदरणीला सांग, डाग ऱ्हाऊ दे, मशेरी दे.’’ आता जेवल्यावर बडीशेप चघळतात, तीन-तीन महिन्यांनी दाखवायला येतात, आणि ओठ बराच निवळलाय. पण ते आठ महिने माझे आहेत. ते कुठल्याही फाइलमधून खोडता येत नाहीत.

दुसऱ्या अर्जात मी हे लिहिलं. पॉलिटेक्निक लिहिलं, असिस्टंट लिहिलं, आणि आद्याक्षरांसकट ती खूण लिहिली. सतीशकाकांनी चष्मा काढला.

‘‘स्वतःची चूक? प्रवेशाच्या अर्जात? अगं बाई, स्थळ बघायला आल्यावर कुणी आजार सांगतं का?’’

‘‘सांगायला हवा, काका.’’

काकांनी लाल पेनाचं टोपण लावलं. ‘‘तुझ्या बापावर गेलीस,’’ म्हणाले. हे त्यांनी दूषण म्हणून म्हटलं होतं.

या वेळी मुलाखतीचं पत्र आलं. समोर तिघं होते. एका बाईंनी ‘मशेरी’ हा शब्द दोनदा म्हणून पाहिला आणि बरोबर येईपर्यंत सोडला नाही. मग शेवटच्या खुर्चीतल्या वयस्कर गृहस्थांनी विचारलं, ‘‘ही चूक नेमकी कुणाची होती?’’

मी याच प्रश्नाची वाट बघत होते. माझ्या आत अख्खं पत्रक तयार होतं. फॉर्म एकाच भाषेत का? जगात तंबाखू किती तऱ्हांनी वापरतात हे फॉर्म बनवणाऱ्यांना कोण सांगणार? पोरांना दुभाषे करून आपण किती दिवस भागवणार? मी बोलत सुटले, मुद्दा एक, मुद्दा दोन. आवाज चढला. सगळं खरं होतं, आणि आजही त्यातला एक शब्द मी मागे घेणार नाही.

गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं. ‘‘फॉर्मचं कळलं,’’ ते म्हणाले. ‘‘मी तुमच्याबद्दल विचारत होतो.’’

पत्रक संपलं. पुढे काय बोलायचं ते कुठेच छापलेलं नव्हतं.

‘‘मी डबी पाहिली होती,’’ मी म्हणाले. ‘‘त्या खोलीत ती ओळखणारी मी एकटीच होते. फॉर्मला माहीत नव्हतं. मला होतं. मी विचारलं नाही.’’

त्यांनी काहीतरी टिपून घेतलं. बाईंनी विचारलं, आता काय करता? मी सांगितलं की आमच्या दवाखान्यात आता ‘तंबाखू खाता का’ असं विचारत नाही. ‘दातांना, हिरड्यांना काय काय लावता’ असं विचारते, आणि मग गप्प बसून ऐकते. त्यातून मशेरी निघते, तंबाखूच्याच पुडीचा गुल निघतो, एका काकांकडून तर लवंगेच्या तेलात बुडवलेली सुपारीसुद्धा निघाली.

प्रवेश मिळाला. कशामुळे, ते मला सांगता येणार नाही. त्या वर्षी माझे मार्कही जरा बरे होते, आणि खरेपणाचा विजय झाला असं लिहायला हात शिवशिवत असले तरी पुरावा नाही. पत्र आलं तेव्हा मी हत्यारं धूत होते. हेलन म्हणाली, ‘‘स्वीट अ‍ॅज.’’ पुढच्या पेशंटचा फॉर्म उचलत म्हणाली, ‘‘मग आता त्या आज्यांना कोण विचारणार?’’

तो प्रश्न मी घरी घेऊन गेले आणि अजून तो माझ्याकडेच आहे.

कारण बातमी पसरल्यापासून मला खूप फोन आले. सगळ्यांना मुलीसाठी डेंटिस्ट्रीचं मार्गदर्शन हवंय. देईन, आनंदानं देईन. पण मला डॉक्टर व्हायला चार वर्षं लागतील. शालनआजी पुढच्या महिन्यात दाखवायला येणार आहेत. त्यांच्यासारख्या आणखी कितीतरी या क्षणी पापाकुराच्या एखाद्या बाथरूममध्ये आरशासमोर उभ्या असतील, डबी उघडून. त्यांच्या डाव्या कानाशी बसणारं कुणीतरी आत्ता हवंय, आणि माझ्या जागेसाठी हेलनकडे आजवर एकाही मराठी घरातून अर्ज आलेला नाही. एकाही. या ओळीखाली मी ‘जाहीर निषेध’ लिहिणार होते, पण बाबा म्हणाले, निषेध पुरे, मागणी लिही.

लिहिते. मी फेब्रुवारीपर्यंत इथे आहे. मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला हॉलच्या दारात, चपलांच्या ढिगाजवळ, असिस्टंटच्या कोर्सचे फॉर्म घेऊन उभी असेन. तुमच्या मुलीला पाठवा, मुलाला पाठवा, नोकरी शोधून दमलेल्या सुनेला पाठवा, किंवा तुम्ही स्वतः या. मराठी ऐकता आलं पाहिजे, बाकीचं हेलन आणि मी शिकवू. फराळाकडे जायच्या आधी एक फॉर्म घ्या, आणि तो कुणाला देणार त्या माणसाचं नाव मला तिथेच सांगा.